कोंड्याच्या मोलानं

साखरपाण्याचा चमचा आईच्या ओठांपाशी गेला आणि तिथंच थांबला. ज्ञानेशनं तो मुद्दाम थांबवला असं म्हणता येणार नाही. निदान त्या क्षणी त्याला तसं वाटलं नाही. रविवारची सकाळ होती. सिडकोतल्या त्यांच्या दोन खोल्यांत ऊन पार पलंगाच्या पायापर्यंत सरकून आलं होतं, त्याची बायको शुभांगी भाजी आणायला खाली गेली होती, आणि पलंगावर भिंतीला टेकून बसलेली त्याची आई, नवसाबाई, घामानं निथळत होती आणि हसत होती. घामाचं त्याला नवल नव्हतं. इन्शुलिन घेणाऱ्या माणसाची साखर एकाएकी उतरली की घाम फुटतो, हात कापतात, माणूस भलतंसलतं बोलायला लागतो, आणि अशा वेळी इकडंतिकडं न बघता आधी तोंडात साखर घालायची, हे डॉक्टरांनी त्याला इतक्यांदा बजावलं होतं की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यानं घडाघडा सांगितलं असतं. नवल होतं ते हसण्याचं. ही बाई हसायची नाही हो! लग्नकार्यात सगळी मंडळी खिदळत असताना ही आपली कोपऱ्यात विडे लावत बसायची. आणि आता बघा, गालांवर खळ्या पडल्या होत्या. आपल्या आईच्या गालांवर खळ्या पडतात हे चौतीस वर्षांच्या ज्ञानेशला जेमतेम दोन-चारदाच कळलं होतं, आणि प्रत्येक वेळी तिची साखर उतरलेली होती.

"कोंडू," ती म्हणत होती, "आरं माझ्या राजा, इकडं ये की. केवढं ऊन हाय, आन् डोईवर काय नाय घेतलं व्हय रं? ये, पदराखाली ये माझ्या. लय गुणाचं माझं लेकरू."

कोंडू नावाचं त्या घरात कुणी नव्हतं. असं बोलणंही त्या घरात कुणाचं नव्हतं. नवसाबाईचं माहेर विंचूरकडचं, कांद्याच्या वावरात वाढलेली पोर. पण लग्न होऊन देवळाली कॅम्पात आली, नवरा लष्कराच्या गोदामात कारकून, आजूबाजूला साहेबांच्या बायका, आणि तिनं वर्ष-दोन वर्षांत आपली जीभ अशी काही घासूनपुसून लख्ख केली की पुढं कुणाला ती पुण्याची वाटावी. 'हाय'चं 'आहे' झालं, 'नाय'चं 'नाही' झालं, आणि त्याबरोबर आणखीही काही काही आत ढकललं गेलं असावं. साखर उतरली की ते सगळं दार उघडून बाहेर यायचं. ज्ञानेशला ती भाषा आवडायची. तिच्यात ऊन होतं, ताक होतं, कुणीतरी कुणालातरी लांबून हाक मारत होतं. त्याच्या वाट्याला मात्र ती कधी आलेली नव्हती. त्याच्या वाट्याला आली ती दुसरी, स्वच्छ, इस्त्रीची बाई. तिनं त्याला कधी मारलं नाही, कधी उपाशी ठेवलं नाही, त्याचे कपडे नेहमी धुतलेले, डबा नेहमी भरलेला. पण जवळ म्हणून घेतलं नाही. नावानंसुद्धा हाक मारायची नाही. "अरे, ऐकतोस का," एवढंच. पाहुण्यांनी विचारलं, हा तुमचा का हो मुलगा, तर ही म्हणायची, "आहे आपला आमच्याकडे." आमच्याकडे! घरात भाडेकरू असतो तसा. दहावीला त्याला पहिला वर्ग मिळाला तेव्हा शेजारणीनं आपल्या काठावर पास झालेल्या पोराचे पेढे वाटले, आणि ही म्हणाली, "बरं. जेवून घे." सातवीत कावीळ झाली, डोळे हळदीसारखे पिवळे, तेव्हा वडील उशाशी बसायचे आणि आई उंबऱ्याबाहेर, त्याच्याकडं पाठ करून. ती पाठ त्याला अजून दिसते. पोलक्यावर घामाचा डाग, ढिला झालेला अंबाडा, आणि तो पडल्यापडल्या त्या पाठीला म्हणतोय, एकदा वळ ना, एकदा वळून बघ ना. ती वळली नाही. उठलीही नाही तिथून, हे खरं; पण लहान मुलाच्या ते ध्यानात कुठलं यायला!

वडील गेले, ज्ञानेशला अंबडच्या कारखान्यात नोकरी लागली, देवळाली सोडून ते सिडकोत राहायला आले, आणि आईला साखर निघाली. आधी गोळ्या, मग सुई. रोज सकाळी पाळीवर जायच्या आधी तो तिच्या दंडाची कातडी चिमटीत धरायचा आणि सुई टोचायचा. ती भिंतीकडं बघत बसायची. दुखलं का, तो विचारायचा. "नाही." बस. तेवढंच त्या दोघांचं दिवसभरातलं बोलणं, आणि खरं सांगायचं तर ज्ञानेशला दिवसातून तेवढ्याच वेळी आईला हात लावायला मिळायचा. शुभांगीनं एकदा म्हटलं, मी देत जाईन सुई, तुमची बस चुकते. तो नको म्हणाला. का, ते त्याला सांगता आलं नसतं.

आणि हा कोंडू. पहिल्यांदा हे नाव ऐकलं त्याला चार-पाच वर्षं झाली असतील. त्यावर त्यानं बराच विचार केला होता; मशीन चालू करून द्यावं, सुटे भाग एकामागून एक पडत राहावेत आणि मनात हाच एक विचार. त्याच्या आधी आईची दोन मुलं गेली होती, हे वडिलांनी कधीतरी सांगितलं होतं. पाचवी पुजायच्या आत गेली, असंही म्हणाले होते. पण वडिलांचं काय, ते अवघड गोष्टी थोडक्यात उरकायचे. त्यातलं एखादं जगलं असेल थोडं, चाललं असेल, उन्हात हिंडलं असेल उघड्या डोक्यानं. त्याचं नाव कोंडू. आईनं आपली सगळी माया त्याच्यावर उधळली, आणि मग तो गेला, आणि मागाहून आलेल्या ज्ञानेशसाठी भांड्यात काही उरलं नाही. असा त्यानं हिशेब लावला होता. राग यावा तर कुणाचा? मेलेल्या पोराचा? आणि तरी राग यायचा. हाताखाली माणसं असलेला, कपाळावरचे केस मागे सरकायला लागलेला हा गृहस्थ एका मेलेल्या पोरावर मनातल्या मनात जळत होता. लाजही वाटायची त्याची त्यालाच.

म्हणून चमचा थांबला. साखर पोटात गेली की पाच-दहा मिनिटांत ही हसरी बाई जाणार आणि ती दुसरी येणार, हे त्याला ठाऊक होतं. अजून एक वाक्य, त्याला वाटलं. एकच. मग देऊ.

"कोंडू, बोलंना का रं? रुसला व्हय मायवर?"

"नाही," ज्ञानेश म्हणाला. आपण उत्तर दिलं याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. "नाही रुसलो."

तिचा ओला, थरथरता हात त्याच्या गालावरून फिरला, कानापर्यंत गेला, कानाची पाळी तिनं दोन बोटांत धरली. त्यानं डोळे मिटले. दुसऱ्याच्या ताटातलं आपण जेवतोय असं त्याला वाटलं, आणि ते अन्न इतकं गोड होतं की त्याच्यानं उठवेना.

"माझा हाय तू," आई म्हणाली. "कुणाला नाय द्यायची मी. माझा..."

आणि पाळीवरची बोटं सुटली. त्यानं डोळे उघडले तर तिचे डोळे वर फिरले होते, दातखीळ बसली होती, आणि अंग कुणी गदागदा हलवावं तसं झटके देत होतं. चमचा दातांवर आपटला, साखरपाणी हनुवटीवरून पदरावर सांडलं. "आई! आई गं!" तो ओरडत होता. नेमकी त्याच वेळी शुभांगी आली. हातातली पिशवी तिनं तिथंच टाकली. "अहो, बघत काय बसलात? व्हा बाजूला!" सासूला कुशीवर वळवून तिनं मूठभर पिठीसाखर गालाच्या आतून, हिरड्यांवर बोटानं चोळायला सुरुवात केली आणि त्याला हाकललं, "पळा, डॉक्टरांना आणा!" तो अनवाणी पळाला. कुंभमेळ्यासाठी सगळे रस्ते खणून ठेवलेले, खडी पायांत रुतत होती. कोपऱ्यावरचे डॉक्टर बिचारे चहा अर्धाच सोडून आले, शिरेतून ग्लुकोज दिलं, आणि बघता बघता आई परत आली. परत आली म्हणजे ती दुसरी आली. तिनं पदर चाचपला आणि स्वच्छ मराठीत विचारलं, "हा ओला कुणी केला?" मग लगेच, कापऱ्या आवाजात, "मी काही बोलले का?"

हा तिचा नेहमीचा प्रश्न होता. आपल्याला काय झालं होतं, किती वेळ झालं होतं, यातलं काही ती विचारायची नाही, पहिल्यांदा हेच. ज्ञानेश म्हणाला, "नाही." तिनं त्याच्या दिशेनं तोंड वळवलं. साखरेनं तिच्या डोळ्यांचे पडदे इतके खाल्ले होते की समोरचं माणूस तिला मधोमध दिसायचंच नाही, कडेनं थोडंफार दिसायचं. म्हणून ती माणसाच्या कानाशेजारी कुठंतरी बघायची. तशी ती त्याच्या कानाशेजारी बघत राहिली. तिचा विश्वास बसला नव्हता.

डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, "तोच डोस चालू असताना एकाएकी एवढी खाली जायची नाही खरं तर. खाण्यात काही बदल?" शुभांगीचं तोंड उतरलं. आदल्याच दिवशी तांदळाच्या डब्यात हात घातला तर तळाशी गुळाची अख्खी ढेप लागली होती, सगळीकडून कुरतडलेली. गेली काही वर्षं आईची साखर काही केल्या उतरत नव्हती. डॉक्टर डोस वाढवत गेले, डोळ्यांना लेझर झालं, पायाची बोटं बधिर झाली, लघवीतून प्रथिनं जायला लागली, तरी उतरेना, त्याचं इंगित ते होतं. म्हातारी चोरून गूळ खात होती! शुभांगीनं रागारागानं ढेप भांडीवाल्या लताबाईला देऊन टाकली. गुळाला पुरे पडेल असा डोस, आणि गूळ नाही. मग दुसरं काय होणार? डॉक्टरांनी डोस निम्मा केला आणि नवसाबाईला लहान मुलासारखं रागावले, "आजी, जिभेला एवढी कसली ओढ? आता मूत्रपिंडावर आलंय." जिभेची ओढ म्हणे! ज्ञानेशला आठवलं, ही बाई चहासुद्धा बिनसाखरेचा प्यायची, साखर निघायच्या आधीपासून. गोड तिला कधी आवडलंच नव्हतं. पण त्या वेळी त्याचं डोकं थाऱ्यावर नव्हतं. आपण चमचा धरून बसलो होतो, एवढंच त्यात फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सुई भरून तिच्याजवळ गेला तर तिनं दंड पदराखाली घेतला.

"नको मला."

"म्हणजे काय? अगं, डोस कमी केलाय. आता नाही होणार तसं."

"नको म्हटलं ना. आता कधीच नको."

मंगळवारीही तेच. शुभांगी समजावून थकली, शेवटी रडली. "आई, अहो, अशानं महिनाभरसुद्धा..." पुढचं तिनं गिळलं. मंगळवारी संध्याकाळी ज्ञानेश आईजवळ जमिनीवर बसला आणि विचारायचं नव्हतं ते त्यानं विचारून टाकलं. "आई, कोंडू कोण गं?" तिची बोटं मेथी निवडत होती, चाचपून चाचपून, पान वेगळं, काडी वेगळी. ती थांबली. चेहरा इतका पांढरा पडला की त्याला वाटलं, पुन्हा साखर उतरली. "कुणी नाही," ती म्हणाली, आणि पलंगावर चढून भिंतीकडं तोंड करून निजली. पुन्हा तीच पाठ. आता मात्र त्याला राग आला नाही. ही बाई घाबरलीय, त्याला पहिल्यांदाच दिसलं. मरणाला नव्हे. ज्ञानेशला सांगायचं राहिलेलं जे काही होतं, त्याला.

बुधवारी त्यानं रजा टाकली आणि स्कूटर देवळालीच्या रस्त्याला घातली. कॅम्पात त्यांच्या भिंतीला भिंत लावून जैतुनबी राहायची. तिचा नवरा फौजी लोकांचे गणवेश शिवायचा. आईला आयुष्यात मैत्रीण म्हणून ही एकच. लांबवर सराव चालू होता, तोफेचा दणका जमिनीतून स्कूटरच्या हँडलमध्ये येत होता, आणि लहानपणी या आवाजानं आपण दचकायचो तेव्हा कुणाच्या कुशीत शिरायचो, हे त्याला एकदम आठवलं. जैतुनखालाच्या. आईच्या नव्हे. आई तिथंच असायची, चूल फुंकत, आणि तरी "जा, खालाकडं जा" म्हणायची.

जैतुनबी म्हातारी झाली होती, पण खुटखुटीत. त्याला बघून तिनं आधी त्याचे गाल ओढले, मग खुर्ची पुसली, मग रडून घेतलं, मग सुनेला चहा टाकायला सांगितलं. त्यानं सगळं सांगितलं, चमच्याचंसुद्धा सांगितलं. कोंडू नाव ऐकलं आणि ती कपाळाला हात लावून हसायलाच लागली.

"अरे येड्या, कोंडू तूच की!"

सुनेनं आणलेला कप त्यानं तसाच खाली ठेवला.

"तिचे दोन बच्चे गेले होते ना रे. तू झालास तेव्हा तिच्या गावाहून तिची चुलती आली होती. ती म्हणाली, हे पोर विकून टाक. म्हणजे खरंखुरं नाही रे! सुपात घालायचं, उंबऱ्यावरून दुसऱ्या बाईला देऊन टाकायचं, आणि मूठभर कोंडा देऊन सांभाळायला म्हणून परत घ्यायचं. मग ते पोर तिचं नाहीच. कोंड्याच्या मोलाचं, दुसरीचं. वरनं कुणाची नजर पडली तरी म्हणायचं, माझं नाही बाबा, शेजारणीचं आहे. नाव ठेवायचं कोंडाजी. आणि परक्या जातीची बाई असली तर आणखी चांगलं, म्हणे. मग मी होतेच."

"मग? केलं तसं?"

"करायला बसलो तर होतो! सूर्य मावळेपर्यंत तू माझ्या घरात राहायचास, तोपर्यंत तिनं तुझ्याकडं बघायचं नाही, असं ठरलं. सूप माझ्या हातात आलं, मी आत वळले, तू जरासा रडलास... आणि ही बया, ओली बाळंतीण, पिसाळल्यासारखी धावत आली आणि तुला ओढून घेतलं. 'माझा हाय, नाय द्यायची मी!' सगळा कोंडा दारात सांडला. चुलती संतापली. म्हणाली, सौदा मोडलास, आता तुझ्या पोराचं काही खरं नाही. जगवायचा असेल तर जन्मभर त्याला आपला म्हणू नकोस, कौतुक करू नकोस, हाक मारू नकोस. तुझ्या अब्बांनी, बिचाऱ्यांनी, शाळेत ज्ञानेश नाव घातलं. मी हिला शंभरदा सांगितलं, नवसा, असं काही नसतं गं. पण ज्या बाईनं दोन उचलून दिलेत, तिला कोण सांगणार, बेटा?"

बाहेर पुन्हा एक दणका झाला, कपबशीत चहा हलला. ज्ञानेशच्या डोळ्यांसमोर ती पाठ आली, उंबऱ्याबाहेरची. कावीळ झालेल्या पोराकडं तिनं बघितलं नव्हतं, कारण बघितलं असतं तर तिच्यानं राहवलं नसतं. रात्रंदिवस तिथंच बसून तिनं बघितलं नव्हतं.

"आणि गूळ," जैतुनबी म्हणाली, आता न हसता. "डोळे धड होते तेव्हा एकदा आली होती माझ्याकडं, बसनं, एकटी. तुझ्या बायकोनं तिला सांगितलं होतं म्हणे, आई तुम्ही बेशुद्धीत कोंडू कोंडू करता, माझा माझा म्हणता. मला विचारते, बी, आजारपणात तोंडून निघालेलं धरतात का गं? मी म्हटलं, कोण धरणार, अल्ला काय हिशेब लिहीत बसलाय काय तुझा? तर म्हणते कशी, मी आता साखर उतरूच देणार नाही. मला वाटलं, बोलतेय आपली." तिनं पदरानं नाक पुसलं. "खाल्लाच की गं गूळ, खुळे."

ज्ञानेश उठून दारात गेला. दारात काही नव्हतं. सायकल, तुळशीसारखं दिसणारं सब्जाचं झाड, वाळत घातलेला खाकी शर्ट. न आवडणारा गूळ ती तांदळात हात खुपसून काढत होती, चावत होती, गिळत होती, आणि डोळ्यांतला उजेड थोडा थोडा जात होता. डॉक्टर रागावले, सून रागावली, मुलानं का म्हणून विचारलंही नाही. आणि तिनं एका शब्दानं सांगितलं नाही. आता गूळही गेला, म्हणून सुई नको. त्याला हुंदका आला आणि तो त्यानं दाबला नाही. चौतिसाव्या वर्षी माणूस दुसऱ्याच्या दारात उभा राहून रडतो तसा तो रडला, नाक वाजवत, लाज सोडून.

"रडून झालं?" पाठीमागून जैतुनबी म्हणाली. ती बुरखा घालून तयार होती. "चल. स्कूटरवर बसते मी, घाबरू नकोस. हळू घे फक्त खड्ड्यांतून."

घरी पोचले तेव्हा जेवणवेळ झाली होती. शुभांगीनं दार उघडलं. आई पलंगावर बसून होती, ओठ सुकलेले, सारखी पाणी मागत होती. तीन दिवसांत चेहरा पार ओढला होता. जैतुनबीनं दारातूनच हाक मारली आणि तिनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "बी? तू? कशी आलीस गं? बस, बस इथं." क्षणभर तिच्या आवाजात ओलावा आला. दोघींनी एकमेकींचे हात धरले, गुडघ्यांची चौकशी झाली, जैतुनबीच्या मुलाची, फारुखची झाली. मग जैतुनबी पाय दुमडून नीट बसली आणि म्हणाली,

"नवसा, मी माझा पोरगा न्यायला आलेय."

आईचा हात तिच्या हातात होता, तो निसटला. "कसला पोरगा?"

"कसला म्हणजे? हा. तू मला दिला होतास ना सुपात घालून? इतकी वर्षं सांभाळलास, मेहरबानी तुझी. तूच म्हणतेस, तो तुझा नाही. मग मला दे. फारुख तर काय बायकोचा झाला, म्हातारपणी मला कोण आहे?" आणि ज्ञानेशकडं वळून, एकदम कोरड्या आवाजात, "चल बेटा. चप्पल घाल. बायकोचं सामान मागाहून नेऊ."

ज्ञानेशला यातलं काही आधी सांगितलं नव्हतं. पण त्याच्या पायांना ते समजलं. तो दाराकडं गेला, आणि मुद्दाम चपला जमिनीवर आपटून त्यानं पाय घातले. आईनं तो आवाज ऐकला. तिची मान इकडून तिकडं फिरायला लागली, तो कुठं आहे ते शोधत. समोर तर तिला काही दिसत नव्हतं.

"थट्टा नको, बी," ती म्हणाली.

"थट्टा कसली? निघालो आम्ही." जैतुनबी खरोखर उठली, तिनं ज्ञानेशचं मनगट धरलं आणि दाराची कडी वाजवली.

"सोड त्याला!"

शुभांगी दचकून भिंतीला टेकली. असा आवाज त्या घरात कधी उठला नव्हता. नवसाबाई पलंगावरून खाली उतरली होती. बधिर पाय जमिनीवर कुठं पडतायत ते तिला कळत नव्हतं, हात पुढं करून, खुर्चीला धडकत ती दाराकडं येत होती. "सोड म्हंते ना! तुझा कुठला गं? कवा दिला म्या तुला? सांडला व्हता समदा कोंडा, येक दाना नाय पोचला तुझ्या घरात! माझा हाय त्यो. माझ्या पोटचा हाय. कोन नेतंय बघते मी, कोन नेतंय माझ्या कोंडूला!" आणि तिचा हात त्याच्या सदऱ्याला लागला, तिनं तो मुठीत धरला, आणि ओढून त्याला पोटाशी घेतलं. साखर उतरलेली नव्हती. उलट तीन दिवस सुईविना ती आकाशाला भिडलेली असणार. ही शुद्धीतली बाई होती.

मग आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. तिनं तोंडावर हात ठेवला. ती वाट बघत होती. अगदी श्वास धरून, छताकडं मान करून वाट बघत होती. खालून गॅसवाल्याची हाक आली. वरच्या मजल्यावर कुणीतरी खलबत्त्यात काही कुटत होतं. तिनं चाचपत त्याचं कपाळ गाठलं, ताप बघितला, मग तळहात छातीवर ठेवला.

"काय होतंय का तुला?"

"नाही, आई."

"छातीत? खरं सांग."

"काही होत नाही गं."

"या अल्लाह, नवसा," जैतुनबी खुर्चीत बसत म्हणाली, दम लागला होता तिला, "टक्कल पडायला लागलंय त्याला. त्याला उचलायला वरनं कोण येणार, आणि आलं तर चारजण लागतील." शुभांगी रडता रडता फिसकन हसली. आई हसली नाही. तिनं छातीवरचा हात बराच वेळ काढला नाही. तो ठोका पडतोय, पुन्हा पडतोय, आणखी पडतोय, याची ती खात्री करून घेत होती. मग तिचे खांदे हळूहळू खाली आले. शुभांगीनं तिला धरून पलंगावर बसवलं.

"जेवायला वाढ बीला," ती सुनेला म्हणाली. आणि थोडं थांबून, दंडावरचा पदर बाजूला करत, "आधी माझी सुई आणा."

ज्ञानेशनं फ्रिजमधून बाटली काढली. डोस निम्मा झाला होता, म्हणून तो दोनदा बघून घेतला. तिच्या दंडाची सैल कातडी त्यानं चिमटीत धरली. ती भिंतीकडं वळली नाही. तोंड त्याच्याकडं करून, त्याच्या कानाशेजारी बघत बसली. त्यानं सुई टोचली, काढली, कापसानं दाबलं.

"दुखलं का?" त्यानं विचारलं.

जैतुनबीकडं मान वळवून ती म्हणाली, "माझ्या पोराचा हात लय हलका हाय, बी. रोज टोचतो, कळत सुदिक नाय."